रविवार, चहा आणि गुजगोष्टी

गेली अठरा-वीस वर्षे आम्ही पदवीच्या वर्गांना मराठी शिकवीत आहोत, आणि त्यांपैकी निम्मी वर्षे तरी ‘लघुनिबंध’ हा वाङ्मयप्रकार कुठल्या ना कुठल्या प्रश्नपत्रिकेतून आमच्या वाट्याला आलेला आहे. त्याविषयी काय सांगायचे हे आता ठरून गेले आहे. उगम इंग्रजीतून, प्रवर्तक ना. सी. फडके, विषय दैनंदिन जीवनातले, साधे, शैली संवादाची, मर्यादा अशी की मध्यमवर्गाच्या सुखासीन चौकटीबाहेर तो फारसा पडला नाही. एवढे सांगितले, दोन उदाहरणे दिली, की तास संपतो. दोन वर्षांपूर्वी असाच तास चालू असताना मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “सर, ह्या लोकांना सुट्टी किती असायची?”

वर्ग हसला, आम्हीही हसलो. ‘प्राध्यापकांना असते तेवढी’ असे काहीतरी उत्तर देऊन पुढे गेलो. पण प्रश्न मनातून गेला नाही. तो वाङ्मयाचा प्रश्न नव्हता, इतिहासाचा होता, आणि आमच्या टिपणांत त्याचे उत्तर कोठेही नव्हते. खिडकीतून पाऊस पाहणे, सकाळचा पहिला चहा, दुपारची डुलकी, जुन्या पत्रांचा गठ्ठा उलगडणे ही सुखे सनातन आहेत, लेखकाने फक्त ती टिपली, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्यांतले बहुतेक सुख कोणत्या तरी सालात मिळालेले, कोणी तरी भांडून मिळविलेले किंवा कोणाला तरी नाकारलेले असते.

आधी वाङ्मयाच्या बाजूने पाहू. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमाला सुरू केली आणि सात वर्षांत ८४ अंक काढले. त्या अंकांत भाषा आहे, देश आहे, इतिहास आहे, डॉक्टर जॉन्सनचे चरित्र आहे, विरोधकांची यथेच्छ खरडपट्टी आहे. शास्त्रीबुवांना सकाळी उठल्यावर काय आवडे, हे मात्र त्यातून कळत नाही. निबंधमालेतला बोलणारा ‘आम्ही’ आहे. आगरकर सर्वस्वी वेगळ्या मताचे, पण निबंध म्हणजे लोकांना उद्देशून मांडलेला विचार, ही त्यांचीही धारणा. शि. म. परांजप्यांच्या ‘काळ’मध्ये वक्रोक्ती आली, कल्पनेचा विलास आला, तोही अखेर राजकारणासाठी, आणि १९०८ साली त्याबद्दल त्यांना राजद्रोहाची शिक्षा झाली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याचे पोहे’मध्ये सुदामा, पांडुतात्या आणि बंडूनाना घरगुती गप्पा मारतात खरे, पण त्या गप्पांचा रोख समाजाच्या खुळ्या समजुतींवर आहे. स्वतःला एखादी क्षुल्लक गोष्ट आवडते, एवढ्यासाठीच लेखणी उचलावी, ही कल्पना या पिढ्यांना परवडणारी नव्हती. देश पारतंत्र्यात असताना लेखकाने आपल्या उशीविषयी लिहावे हे त्यांना लाजिरवाणे वाटले असते.

१९२६च्या सुमारास ‘रत्नाकर’ मासिकातून फडके ‘गुजगोष्टी’ लिहू लागले, तेव्हा पहिला बदल झाला तो सर्वनामात. ‘आम्ही’च्या जागी ‘मी’ आला. हा ‘मी’ विद्वान म्हणून बोलत नव्हता, सुधारक म्हणूनही नव्हता. शेजारच्या खुर्चीत बसलेला माणूस बोलेल तसा बोलत होता. (आम्ही मात्र अजून ‘आम्ही’ म्हणूनच लिहितो. प्राध्यापकी सवय. शास्त्रीबुवांचा वारसा एवढाच काय तो आमच्याकडे आला असावा.) फडक्यांचे ‘गुजगोष्टी’ १९३३ साली पुस्तकरूपाने आले, अनंत काणेकरांचे ‘पिकली पाने’ १९३४ साली, वि. स. खांडेकरांचे ‘वायुलहरी’ १९३६ साली. कला की जीवन या वादात एकमेकांसमोर उभे केले गेलेले फडके आणि खांडेकर या एका प्रकारात मात्र शेजारी नांदत होते.

नमुने इंग्रजीतले होते हे खरे. लिंड, गार्डिनर, ल्यूकस, चेस्टरटन ही नावे त्या काळच्या इंग्रजी शिकलेल्या तरुणाच्या ओठांवर असत. त्यांच्यामागे चार्ल्स लॅम, आणि सर्वांच्या मागे १५८० साली आपले ‘एसे’ छापणारा फ्रेंच जमीनदार माँतेन. यातला लॅम आम्हांला नेहमी खुणावतो. १७९२ ते १८२५ अशी तेहेतीस वर्षे हा माणूस लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत हिशेबनीस होता. १८१७च्या नोव्हेंबरात शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले, तेव्हा तो तिथल्याच उंच स्टुलावर बसून कंपनीच्या मालाचे आकडे खतावत असणार. पुढे काही वर्षांनी त्याने डुकराच्या भाजलेल्या पिल्लावर एक अजरामर निबंध लिहिला. कंपनीच्या वह्यांवर वाकून वाकून जे उरले ते त्याने निबंधात घातले. म्हणजे क्षुल्लक सुखांचा हा वाङ्मयप्रकार मराठीत येण्याआधीपासूनच आपल्या इतिहासाशी जोडलेला होता. फक्त तो दुवा जमाखर्चाच्या बाजूने होता.

मराठी लघुनिबंधाचे पुढे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे. त्याचा साचा बनला. सुरुवात चपलेच्या तुटलेल्या अंगठ्याने आणि शेवट मानवी जीवनाच्या क्षणभंगुरतेने, मध्ये एखादे इंग्रजी अवतरण आणि एखादी खट्याळ पत्नी. तुटलेला अंगठा तुटलेलाच राहू देण्याचे धैर्य फार थोड्यांना झाले. टीकाकारांनी या प्रकाराला झोडपले ते मुख्यतः विषय क्षुद्र आहेत म्हणून. आमच्या मते ती टीका उलटी होती. विषय क्षुद्र होते हा दोष नव्हे. दोष होता तो त्या विषयांकडे पुरेसे न पाहण्याचा. घाईघाईने त्यांतून तत्त्व पिळून काढण्याचा. कपातला चहा संपण्याआधीच लेखक विश्वाकडे वळत असे, त्यामुळे तो कप त्याच्या हातात कोठून आला हे त्याने कधी पाहिले नाही.

आणि तो कप पाहण्यासारखा होता. ऑक्टोबर १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली. रानडे, टिळक, गोखले यांच्यासह अनेकजण होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी घेतली, कोणी मान राखण्यापुरता पेला हातात घेऊन बाजूला ठेवला. गोपाळराव जोश्यांनी (डॉक्टर आनंदीबाईंचे हेच ते विक्षिप्त यजमान) उपस्थितांची नावे ‘पुणेवैभव’ पत्रात छापून आणली आणि गावात वणवा पेटला. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, ग्रामण्य झाले. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली घेतले, आणि सुधारक म्हणवणाऱ्या त्यांच्या चाहत्यांना ते झोंबले. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत ही हकीगत सांगितली आहे. ती वाचताना जाणवते की एका पेयाने घराघरांत किती ताण निर्माण केला होता: लग्नाच्या मुली, श्राद्धाचे ब्राह्मण, माहेरी जाणे-येणे, सर्व काही त्या एका घोटाशी बांधले गेले होते.

यानंतर चाळीस वर्षांनी मराठी लेखक आरामखुर्चीत बसून चहाच्या वाफेकडे पाहत हलकेफुलके लिहू शकत होता. मधल्या काळात बरेच काही घडले होते. १९०३च्या कायद्याने चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून पुढे देशभर चहाचा प्रचार झाला. इराण्यांची हॉटेले निघाली. रेल्वेच्या फलाटावर चहा पिताना कोणी कोणाची जात विचारीनासे झाले, किंवा निदान मोठ्याने विचारीनासे झाले. सोवळ्याच्या दृष्टीने पातक असलेली गोष्ट सवय झाली, आणि सवय झाली म्हणूनच ती निबंधाचा विषय होऊ शकली. चहावर लिहिलेला प्रसन्न परिच्छेद हा पंचहौदच्या ग्रामण्याचा निकाल आहे असे आम्ही म्हटले तर ते अतिशयोक्त वाटेल, पण फारसे चूक ठरणार नाही.

आता त्या मुलीचा प्रश्न. सुट्टी किती असायची?

त्याच १८९० साली, पंचहौदच्या चार महिने आधी, मुंबईत दुसरे एक प्रकरण निकाली निघाले होते. गिरणीतला कामगार तेव्हा सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत असे आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी त्याला नव्हती. सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत, कारण साहेबाला देवळात जायचे असे; कारकुनाला त्याचा रविवार राज्यकर्त्याच्या धर्माबरोबर फुकट मिळाला. गिरणीच्या भोंग्याला हा धर्म लागू नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीरावांच्या सत्यशोधक परंपरेतले, ‘दीनबंधू’चे संपादक, आणि स्वतः गिरणीत भांडारपालाचे काम केलेले. १८८४ साली त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातल्या मागण्या आज वाचताना घसा दाटतो, इतक्या त्या लहान आहेत: आठवड्याला एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहाच्या आधी काम सुरू करू नये, मागल्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत मिळावा, यंत्रात सापडून जायबंदी झालेल्याला काही भरपाई मिळावी. सहा वर्षे हे चालले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दहा हजार कामगारांची सभा झाली. तिच्यात दोन कामगार स्त्रिया बोलायला उभ्या राहिल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१च्या कारखाने कायद्याने साप्ताहिक सुट्टीवर शिक्कामोर्तब झाले.

एक तपशील येथे सोडवत नाही. रविवार हा साहेबाच्या देवाचा दिवस, तसा तो महाराष्ट्रात खंडोबाचाही वार. घाटावरून मुंबईला आलेल्या गिरणीकामगाराच्या घरात तळी भरायची ती त्याच दिवशी. त्यामुळे या सुट्टीला कामगाराच्या जिभेवर परकी चव नव्हती.

दुपारी अर्धा तास विश्रांती. आमच्या लघुनिबंधकारांनी दुपारच्या झोपेवर कौतुकाने लिहिले आहे आणि आम्ही ते वर्गात मिटक्या मारीत शिकविले आहे. पण त्याच शहरात त्याच अर्ध्या तासासाठी ५,५०० माणसांनी सह्या केल्या होत्या, त्यातल्या पुष्कळांनी अंगठे उठवले असतील, हे आम्ही शिकविले नाही. तो विषय ‘इतिहास’ विभागाचा, हा ‘मराठी’चा, अशी आमची सोयीस्कर वाटणी होती.

आम्ही फडके-खांडेकरांना येथे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाही. तसे करणे सोपे आहे आणि आमच्या पिढीने विद्यार्थिदशेत ते मनसोक्त केले. १९२६-२७ ही लघुनिबंधाच्या जन्माची वर्षे. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉक्टर आंबेडकरांनी चवदार तळ्याची ओंजळ ओठाला लावली आणि परतलेल्या लोकांवर गावाने लाठ्या घेऊन हल्ला केला. एकाच भाषेत, जवळजवळ एकाच वर्षी, एकीकडे पेय हा मौजेचा विषय होत होता आणि दुसरीकडे नुसते पाणी पिणे हे बंड होते. हे शेजार विसरता येत नाही. पण त्यावरून गुजगोष्टी लिहिणाराने ते लिहायलाच नको होते, असा निष्कर्ष काढायचा का? विद्यार्थिदशेत आम्ही तो काढला होता. आज धजवत नाही.

त्याचे कारण शिरोडे. खांडेकर १९२०पासून १९३८पर्यंत या गावी इंग्रजी शाळेत शिक्षक होते. वेंगुर्ल्याजवळचे हे समुद्रकाठचे गाव. माडाची बने, फोंडे रस्ते आणि मिठागरे. मे १९३० मध्ये या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला, सत्याग्रहींना मारहाण झाली, अटका झाल्या. त्या वर्षांच्या आगेमागे हा चष्मा लावणारा, प्रकृतीने किरकोळ मास्तर सावंतवाडीच्या ‘वैनतेय’ साप्ताहिकासाठी लिहीत होता. आणि चांदणे, फुले, पाऊसवारा असे विषयही त्यात असत. हे पलायन होते का? मिठाचा खडा उचलणे हीदेखील एका अगदी क्षुल्लक, रोजच्या, स्वयंपाकघरातल्या वस्तूला किंमत देण्याचीच कृती होती ना? महात्माजींनी देशापुढे ठेवलेली वस्तू सिंहासन नव्हती, मूठभर मीठ होते. लहान वस्तूंकडे पाहण्याची दृष्टी त्या दशकाच्या हवेतच होती. कोणी ती दांडीला नेली, कोणी साप्ताहिकाच्या स्तंभात. दोन्हींचे मोल सारखे असे आम्ही म्हणत नाही. पण त्यांना एकमेकांचे शत्रू ठरविणे हा मात्र आमच्या टिपणांचा आळस होता.

अधिक गंभीर आक्षेप स्त्रियांच्या बाजूचा आहे. लघुनिबंधातली पत्नी चहा आणून देते. तिचा चहा ती कधी पिते हे निबंधात येत नाही. ‘पिकली पाने’ निघाले त्याच १९३४ साली लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग बाहेर आला. वडिलांच्या सोवळ्याचा कहर सोसलेली, उशिरा वाचायला शिकलेली ही बाई. पण क्षुल्लकाचा आनंद कसा असतो ते तिच्याकडे पाहावे. रागावलेला नवरा, हरवलेली पिशवी, चुकलेली गाडी, काहीही तिला चालते. ती त्यातून तत्त्व काढीत नाही. हसते आणि पुढच्या गोष्टीला लागते. ज्याला लघुनिबंधकार आयुष्यभर शोधीत होते ते या आत्मचरित्रात जागोजाग सांडलेले आहे, आणि लघुनिबंधाच्या इतिहासात आम्ही तिचे नावही घेत नाही.

तिच्याही मागे जाते आहे. जात्यावरच्या ओव्या साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये जमविल्या, पुढे हेमा राईरकर आणि गी पॉयटविन यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांपासून सुरुवात करून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदविल्या. पहाटेच्या अंधारात, दळणाच्या श्रमात, भावाच्या घोड्याचे, लेकीच्या केसांचे, परसातल्या तुळशीचे कौतुक करणारा तो ‘मी’ फडक्यांच्या ‘मी’पेक्षा कितीतरी जुना आहे. त्याला सुट्टी नव्हती. काम थांबवून सुख अनुभवण्याची सोय नसल्यामुळे त्याने ते कामाच्या लयीतच बसविले. लघुनिबंध इंग्रजीतून आला हे वाक्य आम्ही अजूनही शिकवतो, पण आता ‘प्रकार’ या शब्दावर जोर देऊन.

स्वातंत्र्यानंतरचा भाग आम्ही भराभर सांगतो, कारण तो सर्वांच्या वाचनातला आहे. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ने (१९५६) माणसाचा ‘मी’ बाजूला सारून पाने-फुले नीट पाहिली. विंदा करंदीकरांच्या ‘स्पर्शाची पालवी’ने (१९५८) साच्यात बुद्धीचा खेळकरपणा आणला. पुढे ‘ललित’ हे विशेषण नामावर स्वार झाले आणि लघुनिबंध हा शब्द मागे पडला. त्याचे वंशज वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांत राहायला गेले. लोखंड्यांच्या रविवारी, हे त्या पुरवण्यांना माहीत असण्याचे कारण नाही.

१९७८ साली ‘बलुतं’ आले. त्याच वर्षी फडके वारले. या योगायोगाला आम्ही अर्थ चिकटवीत नाही. मात्र त्यानंतर दलित आत्मकथने वर्गात शिकविताना आमच्याकडून एक चूक वर्षानुवर्षे झाली, ती नोंदवली पाहिजे. आम्ही त्यांत फक्त दुःख वाचले. बेबी कांबळ्यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये आषाढाचे वर्णन आहे. महारवाड्यातल्या बायकांना वर्षात न्हाणेधुणे, घर सारवणे, गोडधोड करणे यांची मोकळीक देणारा महिना म्हणून तो येतो. त्या पानांवर इतकी लगबग, इतका हुरूप आहे, की जीवन कठोर असते म्हणजे त्यात चव नसते हा आमचा समज तेथेच मोडायला हवा होता. पण प्रश्नपत्रिकेत ‘वेदना आणि विद्रोह स्पष्ट करा’ असे असते. आषाढाला गुण नसतात.

गेल्या वर्षी लघुनिबंधाचा तास आला तेव्हा टिपणे बाजूला ठेवली आणि रविवारपासून सुरुवात केली. लोखंडे, मग पंचहौद, मग महाड, मग शिरोडे, आणि तेथून पुस्तकांकडे. दोन तास जास्त लागले. अभ्यासक्रम मागे पडला म्हणून विभागात थोडे ऐकूनही घ्यावे लागले. शेवटी मुलांना सांगितले, स्वतःच्या घरातले एक लहान सुख लिहून आणा, आणि शेवटी तात्पर्य लिहू नका. पहिल्या अटीपेक्षा दुसरीच त्यांना जड गेली. बऱ्याच वह्यांत पाऊस होता, मोबाइल होता, क्रिकेट होते. सकाळी दूध घालून कॉलेजला येणाऱ्या एका मुलाने एस.टी.च्या खिडकीला डोके टेकून लागणाऱ्या बावीस मिनिटांच्या झोपेविषयी लिहिले होते. थांब्यांच्या नावांसकट.

आणि सुट्टीचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीची धाकटी बहीण त्या वर्गात होती. तिने आपल्या आजीविषयी सातच ओळी लिहिल्या होत्या. सगळ्यांचे झाल्यावर आजी भांड्यातल्या उरलेल्या पत्तीवर पुन्हा पाणी घालते, उकळते, आणि मागल्या दाराच्या उंबऱ्यावर पाय पसरून तो फिकट चहा बशीत ओतून पिते. त्या वेळी तिला कोणी हाक मारलेली चालत नाही. एवढेच.

ती वही वर्गात वाचून दाखवावी असे आमच्या मनात होते. तिला विचारले. ती म्हणाली, “नको सर. आजीला आवडणार नाही.”